पुस्तक आधी बायंडरकडून परत आणा

प्रश्न असा आला आहे. शाहूपुरीत राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका वाचकाला त्यांच्या दिवंगत मामांच्या कपाटात एक सचित्र इंग्रजी पुस्तक सापडलं. पुस्तक पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलेलं आहे. शेवटच्या पानावर फक्त १५०० प्रती काढल्याची नोंद छापलेली, तिथंच शाईनं ८४२ हा आकडा लिहिलेला आणि खाली चित्रकाराची सही. पाठीचं कापड सुटलंय म्हणून त्यांनी ते बायंडरकडं दिलं आहे. त्यांना विचारायचंय की याची किंमत किती, अशी हौसेनं छापलेली मोजक्या प्रतींची पुस्तकं महिना तीन हजारांत जमवता येतील का, खरं-खोटं कसं ओळखायचं, आणि कोल्हापूरच्या पावसात ती टिकतील का.

क्रमानं उत्तरं देत बसलो तर तोवर नुकसान होऊन जाईल. म्हणून पहिलं काम सांगतो. हे वाचून झालं की गाडी काढा, बायंडरकडं जा आणि पुस्तक आहे तसं परत आणा. सुटलेल्या कापडाचे तुकडे त्यानं बाजूला टाकले असतील तर तेही गोळा करा. खोकं विसरू नका.

बायंडरांशी माझं वैर नाही. माझं आयुष्यच छापखान्यात गेलं. मंगळवार पेठेत आमचा ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, खासबागेतल्या कुस्त्यांची हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, असलं सगळं काम. बायंडर म्हणजे घरचाच माणूस. पण त्याचं शिक्षण असं, की पुस्तक मजबूत झालं पाहिजे आणि चौकोनी दिसलं पाहिजे. शाळेच्या वाचनालयाला आणि कोर्टाच्या रजिस्टरला ते बरोबरच आहे.

एकदा मला मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर इंग्लंडमधल्या एका छोट्या छापखान्याचं पुस्तक मिळालं. हातकागद, लाकडावर कोरून छापलेली चित्रं, आणि हातकागदाच्या असतात तशा उसवल्यासारख्या कडा. शिलाई सैल होती म्हणून एका बायंडरकडं दिलं. आठवड्यानं गेलो तर गडी खुशीत. "मालक, कडा लई खराब होत्या. तिन्ही बाजूंनी कटिंग मारलंय. बघा आता, कसं साबणाच्या वडीगत झालंय!" खरंच झालं होतं. वरचा समास पाव इंच गेला, दोन चित्रांच्या कडेची कोरीव रेघ गेली, आणि मूळ पुस्तीच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या आत लावलेल्या कोऱ्या कागदाच्या, जागी चकचकीत मार्बल कागद आला. वर पैसेही घेईना, तुमच्या आवडीचं पुस्तक म्हणून केलं म्हणाला. त्याला काय बोलणार? चूक माझी होती. हात लावायचा नाही ते कुठं, हे मी सांगितलंच नव्हतं.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहून ठेवायचे. पुस्तक म्हणतं, मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नको. तो श्लोक मला त्या दिवशी कळला, आणि त्यातला मूर्ख कोण तेही.

तुमच्या पुस्तकाला सध्या सुती नाडीची सैल गाठ पुरे. हे रोज हाताळायचं पुस्तक नव्हे. पुढं दुरुस्ती करायचीच झाली तर जपानी पातळ कागद आणि मैद्याची साधी खळ, एवढंच. खळीला पाणी लावलं की ती सुटते, म्हणजे केलेलं काम उद्या कुणाला उलटवता येतं. पांढरा सिंथेटिक गोंद एकदा बसला की कागद फाटेल पण गोंद सुटणार नाही. आणि बायंडर खळीत मोरचूद घालतात, ते नको म्हणा. झुरळं येत नाहीत हे खरं, पण त्यातलं तांबं कागदाला तपकिरी आणि ठिसूळ करतं. सेलोटेपचं नाव काढू नका.

आता ते पुस्तक काय असावं. १५०० प्रती, हातानं लिहिलेला आकडा, चित्रकाराची सही आणि खोकं, हा सगळा बेत न्यूयॉर्कच्या लिमिटेड एडिशन्स क्लबचा दिसतो. जॉर्ज मेसी नावाच्या माणसानं १९२९ साली हा क्लब काढला. सभासद ठरावीक, वर्गणी वर्षाची, आणि पुस्तकं चांगल्यात चांगल्या मुद्रकांकडून छापून घ्यायची. फ्रेंच चित्रकार मातीसनं चित्रं काढलेली जेम्स जॉइसची कादंबरी 'युलिसिस' १९३५ साली याच क्लबनं काढलं. त्याच्या १५०० प्रतींवर मातीसची सही आहे आणि त्यातल्या अडीचशेंवर जॉइसचीही. तसलं काही तुमच्या हाती असेल तर मला नव्हे, विमावाल्याला विचारा. पण बहुतेक पुस्तकं अभिजात ग्रंथांच्या साध्या, सुरेख आवृत्त्या आहेत आणि बाहेर शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळतात. म्हणजे घर होणार नाही, पण पुस्तक उत्तम. आत चार पानी पत्रक आहे का बघा. क्लब प्रत्येक पुस्तकाबरोबर सभासदांना एक मासिक पत्र पाठवायचा. कागद कुठला, टाइप कुठला, छापलं कुणी, हे सगळं त्यात असतं. ते असलं तर अर्धं काम झालं.

इथं एक खड्डा आहे. मी स्वतः त्यात पडलोय. याच मेसीनं १९३५ पासून हेरिटेज प्रेस नावानं स्वस्त आवृत्त्या काढल्या. कित्येकदा चित्रं तीच, खोकंही तसंच. फक्त सही नाही, आकडा नाही आणि प्रतींना मर्यादा नाही. परदेशातल्या एका विक्रेत्यानं मला असली प्रत क्लबची म्हणून विकली. जाहिरातीत शेवटच्या पानाचा फोटो नव्हता आणि मी मागितला नाही. पार्सल उघडल्यावर तोंडात मारल्यासारखं झालं. पुस्तक वाईट नव्हतं, वाचायला आजही तेच काढतो. पण पैसे दुसऱ्याच पुस्तकाचे दिले होते. तेव्हापासून शेवटचं पान बघितल्याशिवाय मी कपड्याला हात लावत नाही, म्हणजे खिशाला.

त्या शेवटच्या नोंदीला इंग्रजीत कॉलोफन म्हणतात. आपल्याकडं पोथीत तिला पुष्पिका म्हणतात: कुणी लिहिलं, कुठं, कोणत्या शकात पुरं झालं. छोटे छापखाने हीच परंपरा पाळतात. कागद, टाइप, यंत्र, किती प्रती, त्यातली ही कितवी. विक्रेत्याची जाहिरात बाजूला ठेवा आणि पुष्पिका वाचा.

पण आकड्यावर भुलू नका. बहुतेक नवे संग्राहक तिथंच फसतात. मर्यादित आवृत्ती हे शब्द कुणालाही छापता येतात. आमच्या ट्रेडलवर गणेश मंडळाच्या अहवालाच्या तीनशे प्रती निघायच्या, आणि नंबरिंग मशीननं पावत्यांवर आकडेही पडायचे. म्हणून ते काही दुर्मीळ ग्रंथ झाले नाहीत. चामड्याची पाठ, सोनेरी कडा, आत रेशमी फीत आणि पोटात साधी ऑफसेटची छपाई, असला माल बाजारात पुष्कळ आहे. तो दिवाणखान्यात शोभतो. तेवढाच त्याचा उपयोग.

प्रती थोड्या का निघतात, याला खरं कारण असावं लागतं. विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कारागिराचं उदाहरण घ्या. १५ नोव्हेंबर १८८८ ला लंडनमध्ये एमरी वॉकर यानं छपाईवर व्याख्यान दिलं आणि जुन्या पुस्तकांची पानं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर मोठी करून दाखवली. मॉरिस ते बघून पेटला. १८९१ साली त्यानं हॅमरस्मिथला केल्मस्कॉट प्रेस काढला. टाइप स्वतः आखले, केंटमधल्या गिरणीतून चिंध्यांचा हातकागद बनवून घेतला, आणि वाफेच्या यंत्रांच्या काळात हातानं दांडा ओढायचे लोखंडी प्रेस लावले. कागद ओलवून घ्यायचा, शाई लावायची, दांडा ओढायचा, ताव वाळत घालायचा. चॉसरच्या काव्यांचा त्याचा ग्रंथ १८९६ साली पुरा झाला. त्यात बर्न-जोन्सची ८७ चित्रं, कागदावर ४२५ प्रती आणि चर्मपत्रावर १३. त्याच वर्षी ऑक्टोबरात मॉरिस गेला. अशा कामात पाच हजार प्रती निघूच शकत नाहीत. तिथं आकडा श्रमातून आलेला असतो.

मॉरिसची एक गोष्ट मात्र तुम्हाला फुकट वापरता येईल. त्याच्या मते पुस्तकाचं एकक एक पान नसून समोरासमोरची दोन पानं. शिवणीकडचा समास सगळ्यात लहान, वरचा त्याहून मोठा, बाहेरचा आणखी मोठा आणि खालचा सगळ्यात मोठा. पुस्तक उघडलं की दोन्ही पानांतला मजकूर मिळून मधोमध एक ठोकळा झाला पाहिजे. कुठलंही पुस्तक उघडा आणि हे बघा. समासात गफलत असली तर पुढं चामडं कितीही भारी असू दे, मी ते पुस्तक खाली ठेवतो.

दुसरी परीक्षा चित्रांची. या छापखान्यांना लाकडावरचं कोरीव काम इतकं का आवडलं, हे छापखान्यात काम केलेल्याला लगेच कळतं. बॉक्सवुडचा ठोकळा आडवा कापून, त्याच्या घट्ट तोंडावर पोलादी टोकानं कोरतात. ठोकळ्याची उंची खिळ्याइतकीच, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षराइतकीच, ठेवता येते, ०.९१८ इंच. म्हणजे चित्र आणि अक्षरं एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, आवळून, एकाच शाईनं, एकाच दाबात छापली जातात. चित्र मागाहून आणून चिकटवल्यासारखं दिसत नाही, ते अक्षरांच्या शेजारीच जन्मलेलं असतं. गोल्डन कॉकरेल प्रेसचं १९३१ चं 'फोर गॉस्पेल्स' बघा. एरिक गिलनं त्यात माणसांच्या आकृती मोठ्या अक्षरांतून अशा वळवल्यात की कुठं अक्षर संपलं आणि कुठं हात सुरू झाला ते सांगता येत नाही. टाइपही त्याचाच. ५०० प्रती. विकत घेणं आपल्या आवाक्यातलं नाही, पण फोटो तासभर बघा, डोळा तयार होईल.

घरी बसून तपासायला दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, काही शे रुपयांत मिळतं. चित्रावर ठेवा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते फोटोवरून केलेलं हाफटोन आहे, मग ब्लॉकचं असो की ऑफसेटचं. रेघ सलग, काळीभोर आणि तिच्या कडेला शाई किंचित दाटून आलेली दिसली तर उठावाची छपाई, म्हणजे उंच भागाला शाई लावून कागदावर दाबलेली. मग खोलीतले दिवे घालवा आणि एका बाजूनं बॅटरीचा तिरपा उजेड टाका. ऑफसेटचं पान सपाट राहतं. खिळ्यांच्या पानावर ठसा उमटतो, आणि मागच्या बाजूनं बोट फिरवलं तर जरासा जाणवतो.

जरासा, असं मुद्दाम म्हटलं. हल्ली लोक खोल ठशावर फिदा आहेत. लग्नपत्रिकासुद्धा कागदात खड्डे पडतील इतक्या दाबून छापून मागतात. आमच्याकडं एक म्हातारे कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. प्रूफ हातात घेतलं की आधी ते उलटं करून बघायचे. मागं उठाव दिसला की ओरडायचे, "जोर कमी कर रे! खिळं मारतोस का भिंतीत?" जोर जास्त म्हणजे टाइप लवकर झिजणार आणि मागच्या पानावरचा मजकूर बिघडणार. चांगल्या छापखान्याचा जोर कागद बघून ठरतो. ओलवलेल्या जाड हातकागदात अक्षर थोडं रुतून बसतं, तिथं ते शोभतं. गुळगुळीत पातळ कागदावर नुसतं टेकलं पाहिजे. तेव्हा ठसा किती खोल यापेक्षा तो शंभराव्या पानावरही तेवढाच आहे का, काळेपणा कुठं फिका पडलाय का, हे बघा. कारागीर तिथं दिसतो.

आता तीन हजारांचं. महिन्याला एक पुस्तक घ्यायच्या फंदात पडू नका. वर्षाला छत्तीस हजार धरा आणि त्यात तीन, फार तर चार पुस्तकं घ्या. परदेशातून मागवलंत तर टपाल कधीकधी पुस्तकाइतकं पडतं. २०१९ च्या अर्थसंकल्पापासून आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क लागलं, कुरिअर कंपनी आपली हाताळणी वर लावते. मागवण्याआधी चालू दर विचारून घ्या. वर्णनातले शब्दही जपून वाचा. 'फाइन' म्हणजे चांगलं, 'व्हेरी गुड' म्हणजे वापरलेलं, आणि 'गुड' म्हणजे आपल्या भाषेत 'बरं आहे' सुद्धा नाही. पाचसहा फोटो मागा: पुष्पिका, शीर्षकपान, पाठ, उघडल्यावर आतली शिवण, वरची कड आणि खोकं. देत नसेल तर सोडून द्या. चित्रांची पानं वेगळी चिकटवलेली असतील तर ती यादीप्रमाणं मोजून द्यायला सांगा. एक पान कमी असलेलं सचित्र पुस्तक म्हणजे दात पडलेली फणी.

पण काय घ्यायचं? सगळ्या नामवंत प्रेसचं एकेक पुस्तक जमवायला निघालात तर दहा वर्षांनी तुमच्याकडं नमुन्यांचा डबा होईल. एक सूत्र धरा. कुणी एकच चित्रकार धरतं, कुणी एकच छापखाना. आपल्यासारख्यांनी, म्हणजे ज्यांचा खिसा बेताचा आहे आणि ज्यांना वाचायची भाषा मराठी आहे त्यांनी, हिंदुस्थानाशी नातं असलेली पुस्तकं धरावीत असं माझं मत. मी स्वतः तेच करत आलोय. हे क्षेत्र इंग्रज संग्राहकांनी पुरतं उपसलेलं नाही, आणि पुस्तक हातात घेतल्यावर बोलायला काहीतरी असतं.

याचा उगम तर आपल्या दाराशीच आहे. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात इंग्रज रेसिडेंट मॅलेटच्या हाताखाली एक तांबट अक्षरं कोरायला शिकला. त्याच्याकडून भगवद्गीता छापून घ्यायचा नानांचा विचार होता. नाना गेले, तांबट मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला आला, आणि १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता मिरजेत छापली गेली. बाजाराशी संबंध नाही, दरबारच्या हौसेखातर, पान न् पान हातानं कोरलेलं. याला खासगी छापखाना म्हणायचं नाही तर कशाला? मॉरिसच्या आधी शहाऐंशी वर्षं, आणि कोल्हापूरहून तासाभराच्या वाटेवर. ती गीता तुम्हाला मिळणार नाही. पण आपण परक्याच्या अंगणात खेळत नाही, हे कळायला ती पुरेशी आहे.

पुढचं. रवींद्रनाथांची इंग्रजी 'गीतांजली' १९१२ साली पहिल्यांदा निघाली ती लंडनच्या इंडिया सोसायटीतर्फे. चिझिक प्रेसनं छापलेल्या ७५० प्रती, त्यातल्या अडीचशेच विक्रीला. नोबेल पुढच्या वर्षीचं. १९१४ साली त्यांचंच 'पोस्ट ऑफिस' आयर्लंडमध्ये कुआला प्रेसनं काढलं, ४०० प्रती. हा छापखाना कवी येट्सची बहीण एलिझाबेथ चालवायची आणि हातप्रेसवर काम करणाऱ्या बायकाच होत्या. चित्रांची रेलचेल नाही, पण पान बघावं असं. आनंद कुमारस्वामींचं सिंहली कलेवरचं मोठं पुस्तक त्याहून भन्नाट. ॲशबी नावाच्या माणसानं मॉरिसच्या पश्चात त्याचे प्रेस विकत घेऊन एसेक्स हाउस प्रेस चालवला होता. तो कुमारस्वामींनी आपल्या इंग्लंडमधल्या घरी आणला आणि १९०७ ते १९०८ सव्वा वर्ष खपून पुस्तक तिथं छापून घेतलं. प्रती ४२५. मॉरिसच्या चॉसरइतक्याच, हा योगायोग की नमस्कार, तुम्हीच ठरवा. ही तिन्ही महाग आहेत. नावं एवढ्यासाठी सांगितली की लिलावांच्या याद्यांत ती शोधत राहिलात तर आजूबाजूची छोटी, कुणाचं लक्ष नसलेली पुस्तकं दिसायला लागतात. संग्रह त्याच पुस्तकांचा होतो.

आजच तीन हजारांच्या आत काही हवंय? चेन्नईच्या तारा बुक्सचं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' घ्या. २००६ चं. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती या गोंड चित्रकारांची झाडं, काळ्या हातकागदावर एकेक रंग हातानं स्क्रीननं उतरवलेला, शिलाईही हाताची, आणि प्रतीवर आकडा. पुनर्मुद्रणं झालीत, त्यामुळं आवृत्ती कितवी ते बघून घ्या. पण पुनर्मुद्रणसुद्धा हाताचंच असतं, हे विसरू नका. भिंगाखाली धरा, ठिपका सापडणार नाही. पहिलं पुस्तक म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो. कोलकात्याच्या रायटर्स वर्कशॉपचीही जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात. पी. लाल यांनी १९५८ साली सुरू केलेलं काम, हातानं जुळवलेले टाइप आणि हातमागाच्या साडीच्या कापडाची बांधणी. छपाई कधी उत्तम, कधी यथातथा, पण प्रत्येक पाठ वेगळ्या साडीची.

मराठीचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला सतावतो. औंधच्या पंतप्रतिनिधींनी स्वतः रंगवलेल्या चित्रांचं 'चित्ररामायण' १९१६ चं. राजानं काढलेलं पुस्तक, पण छपाई मुंबईच्या मोठ्या छापखान्यातली. मिळालं तर सोडू नका, चित्रं मोजून घ्या. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाचं 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ चं आणि क्लिअरिंग हाउसचं त्यांचंच इंग्रजी 'जेजुरी' १९७६ चं. ही काही हातप्रेसची पुस्तकं नव्हेत, पण कवींनी आणि त्यांच्या मित्रांनी स्वतःच्या अटीवर काढलेली. कोलटकर मूळ कोल्हापूरचे, आणि पोटापाण्याला जाहिरातीतले चित्रकार. त्यांच्या हातची मुखपृष्ठं बघितली की अक्षर कुठं ठेवायचं हे या माणसाला कसं ठाऊक होतं, याचं नवल वाटतं. पण खिळ्यांच्या जमान्यात हौसेचा मराठी छापखाना फारसा कुणाला परवडला नाही, हेही खरं. इंग्रजीची केस, म्हणजे खिळ्यांच्या खणांची पेटी, एक माणूस दोन्ही हातांच्या टप्प्यात ठेवतो. देवनागरीला जोडाक्षरं, काने, वेलांट्या, रफार धरून शेकड्यांनी खण लागतात, आणि बाहेर आलेल्या मात्रा सारख्या तुटतात.

तो टाइप गेला कुठं, विचाराल तर सांगतो. लंडनच्या डव्हज प्रेसचा कॉबडन-सँडरसन याचं भागीदाराशी, म्हणजे वर उल्लेख आला त्या वॉकरशीच, बिनसलं. आपला टाइप त्याच्या हाती पडू नये म्हणून म्हाताऱ्यानं १९१६ च्या उत्तरार्धात आणि १९१७ च्या सुरुवातीला रात्री जाऊन तो सगळा हॅमरस्मिथच्या पुलावरून थेम्समध्ये टाकला. २०१४ साली पाणबुड्यांना त्यातले दीडशे खिळे सापडले. जगभर ही गोष्ट हळहळून सांगतात. आम्ही कोल्हापुरात काय केलं? डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं तेव्हा शिसं, अँटिमनी, कथील असा मिश्र धातू म्हणून किलोच्या भावानं भंगारात घातला. नदीपर्यंत चालायचे कष्टही घेतले नाहीत. एक केस मी ठेवली. का ठेवली, घरच्यांना अजून कळलेलं नाही.

आता पाऊस. शाहूपुरी म्हणजे तुम्हाला २०१९ आणि २०२१ चे पूर सांगायला नकोत. पहिली अट: पुस्तकं तळमजल्यावर नकोत. २०१९ ला माझ्या एका नातेवाइकाच्या तळमजल्यावरच्या घरात दोन कपाटं बुडाली. पाणी उतरल्यावर आम्ही पुस्तकं पिशव्यांत भरून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये टाकली. तो येडं समजत होता. पण ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते, आणि गोठवलं की ती थांबते, मग सवडीनं थोडी थोडी काढून पंख्याखाली वाळवता येतात. निकाल बघण्यासारखा होता. चकचकीत आर्ट पेपरची चित्रमय पुस्तकं वीट होऊन बसली, पान सुटेना. त्याच कपाटातलं हातकागदाचं एक जुनं पुस्तक जरा सुरकुतलं, डागाळलं, पण पान न् पान मोकळं झालं. चिंध्यांचा कागद पाण्यातूनच जन्मलेला असतो.

पूर रोज येत नाही, दमट हवा मात्र जून ते सप्टेंबर मुक्कामालाच असते. दोनतीनशे रुपयांचा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. आकडा पन्नासच्या आसपास असला तर निवांत झोपा, पासष्टच्या वर राहायला लागला तर हालचाल करा. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, पुस्तकं दाटीनं भरू नका, आणि कोरड्या दुपारी दारं उघडी टाका. सिलिका जेल चालतं, पण ते तापवून पुन्हा कोरडं करावं लागतं, हे लोक विसरतात. डांबराच्या गोळ्या नकोत. वेखंडाची पुरचुंडी जुन्या लोकांची, मीही ठेवतो, फक्त पुस्तकाला टेकू देत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक बांधून ठेवलंत तर आत बुरशीची नर्सरी होते. आणि चर्मपत्राच्या बांधणीचं पुस्तक कितीही स्वस्त मिळो, कोल्हापुरात घेऊ नका. कातडंच ते. श्रावणात पापडासारखं वळतं आणि मार्चमध्ये चटचट आवाज करतं. कापडी किंवा कागदी पुठ्ठा आपल्या हवेला बरा.

गुंतवणूक म्हणून करत असाल तर सोनं घ्या. विकायला गेलात तर विक्रेता निम्मेच देतो, कारण त्यालाही दुकान चालवायचंय, आणि कोल्हापुरात गिऱ्हाईक नाही. माझ्या संग्रहाला आजवर गावातून एकच मागणी आली, तीही शूटिंगला कपाट भरायला.

मामांनी आत काही ठेवलं असेल, बिल, चिठ्ठी, पत्रावरचं पोस्टाचं तिकीट, तर ते जिथं आहे तिथंच राहू द्या. फक्त पिन असेल तर काढा, गंजते. आणि पुस्तक परत आणायला जाल तेव्हा बायंडरला नाराज करू नका. पुस्तकाची मापं द्या आणि बाहेरून एक साधी पुठ्ठ्याची पेटी करायला सांगा, मूळ खोक्यासकट आत बसेल अशी, आतून पांढरा कागद, वर कापड. पेट्या ही माणसं फार सुरेख करतात. पैसे पुरे द्या.